बाईंना सांगून जा

आमच्या संस्थेत फोन उचलून कुणी "मातीवाल्या सरांना द्या" म्हटलं, तर टेलिफोनच्या बोर्डावरच्या बाई लगेच फोन जोडून देत नसत. आधी सांगत, "सर खोलीत नाहीत जी. बागेत गेले, पंपघराच्या बाजूनं. साडेतीनले येतीन. बागेत देऊ, का निरोप ठेवू?" आणि सर खरोखरच साडेतीनला खोलीत असत. बाईंच्या खोलीला एकच खिडकी होती आणि तिच्यातून समोरची भिंत दिसायची. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या या बाईंना एवढ्या मोठ्या आवारात कोण कुठे आहे हे कसं कळतं, याचं नव्या माणसाला नवल वाटे. मलाही वाटलं होतं. पुढे मीच त्या नवलाचं मातेरं केलं, आणि ते सांगण्यासाठीच आज लिहायला बसलो आहे.

गोष्ट ऐंशीच्या आसपासची. प्रतापनगरच्या पुढे तेव्हा शहर संपायचं आणि थोडं अंतर सोडून आमच्या शेतकी संस्थेचं कुंपण सुरू व्हायचं. आत वर्ग, प्रयोगशाळा, गोठा, संत्र्याची बाग, बियाण्यांचं गोदाम, वसतिगृह, आणि या सगळ्यांना बांधून ठेवणारं संस्थेचं स्वतःचं टेलिफोन एक्सचेंज. एक्सचेंज म्हणजे जिन्याशेजारच्या खोलीतला कपाटाएवढा एक बोर्ड. कुणी फोन उचलला की त्याच्या नंबराची छोटी झाकणी टपकन खाली पडायची. बाई तिथे दोरी खुपसून "बोला जी" म्हणायच्या, आणि दोरीचं दुसरं टोक हव्या त्या नंबरात घातलं की बोलणं सुरू. बाईंचं खरं नाव हजेरीपटावर होतं. आम्ही सगळे नुसतं 'बाई' म्हणायचो, आणि बाई म्हटलं की त्याच, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यांना सगळं कळायचं याचं कारण साधं होतं. लोकच त्यांना सांगून जायचे. शेतकी संस्थेत खोलीत बसून राहतो कोण? कुणी गोठ्यात, कुणी वाफ्यावर, कुणी गोदामात. म्हणून खोली सोडताना जो तो फोन उचलायचा, "बाई, गोठ्यात चाललो" एवढं बोलायचा आणि फोन ठेवायचा. ही पद्धत कुठल्या परिपत्रकातली नव्हती. नवा माणूस रुजू झाला की जुना त्याच्या हातात टेबलाच्या किल्ल्या देताना सांगायचा, "कुठंही जा, बाईले सांगून जा." क्वार्टरांतल्या बायकासुद्धा फोन करायच्या, "बाई, ह्यांना म्हणावं येताना सांभार आणा." सांभार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. बाई तो निरोप ह्यांच्या मागे मागे बागेत, बागेतून गोदामात धाडत राहायच्या, आणि संध्याकाळी घरात सांभार यायचा.

मातीवाले सर म्हणजे मृदशास्त्राचे प्राध्यापक, विद्वान पण विसरभोळे. एकदा मी बोर्डाच्या खोलीत असताना त्यांचा गोदामातून फोन आला. "बाई, मी कुठं चाललो म्हणून सांगितलं होतं तुम्हाला?" बाई म्हणाल्या, "बियाण्याच्या गोदामात म्हणाले होते सर." "मग बरोबर आलो. कशाला?" "ते नाही सांगितलं जी तुम्ही," असं बाई अगदी गंभीरपणे म्हणाल्या, फोन बंद केला आणि मग पदर तोंडाला लावून हसल्या. तेवढंच त्यांचं हसू. कुणाच्या तोंडावर त्या कधी हसल्याचं मला आठवत नाही.

बाईंची आणखी एक सवय होती. फोन जोडून दिला की कानावरचा हेडफोन काढून गळ्यात ठेवायचा. बोर्डावर बसणाऱ्याला दोघांचं बोलणं ऐकता येतं, आणि ऐकणारे काय कमी असतात? मी एकदा चेष्टेनं विचारलं, "बाई, साहेबांचं नि मंत्रालयाचं काय चाललंय ते तुम्हाला सगळं माहीत असेल." त्यांना ते आवडलं नाही. "दुसऱ्याचं बोलणं म्हंजे दुसऱ्याचा डबा," त्या म्हणाल्या. "हातात देल्ला तं पोचवून द्यावं. उघडून पाहू नये." सगळ्या संस्थेची ये-जा ज्यांना माहीत होती, त्यांना कुणाच्या घरातलं भांडण माहीत नव्हतं.

मी आस्थापना विभागात लिपिक म्हणून लागलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. राहायला शहराच्या जुन्या महाल भागात, घर भोसल्यांच्या काळापासून कारकुनी करत आलेलं. बाई माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठ्या. छप्पनच्या दसऱ्याला पांढरं लुगडं नेसून, कडेवर पोरगी घेऊन त्या नवऱ्याबरोबर दीक्षा घ्यायला गेल्या होत्या. मॅट्रिक त्यानंतर केली. एकदा सहज म्हणाल्या, "माह्या आजीसंग गावातले लोक दुरून बोलत. इतके दुरून का तिले वरडूनच बोलाची सवय लागली. आन मी पाह्य, साऱ्या साहेबायच्या कानात बोलते." हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, थोडा तोरा होता. त्या खुर्चीवर त्यांचा जीव होता तो उगीच नव्हता.

दुपारी मी डबा घेऊन त्यांच्या खोलीत जायचो, कारण तिथे पंखा होता. पहिले काही दिवस त्या मला 'जी' म्हणायच्या. मग एक दिवस त्यांनी ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवली. मी एक क्षण थांबलो. त्यांनी माझं थांबणं पाहिलं. मग मी खाल्ली, आणि चटणी पुन्हा मागितली. त्या दिवसापासून मी 'जी'चा 'गा' झालो, म्हणजे घरच्या पोरासारखा. घरी मात्र मी हे सांगितलं नाही. भाकरी आवडीनं खायची आणि घरी गप्प बसायचं, असा मी माणूस. पुढचं सगळं त्याच वळणावर गेलं असं मला आता वाटतं.

नोकरीत मी अजून कायम झालो नव्हतो. माझी फाईल कार्यालय अधीक्षकांकडे होती. बाई रोज विचारायच्या, "झाला का कायम?" मी नाही म्हटलं की म्हणायच्या, "होशीन. घाबरू नको." आणि मग कुणाच्या तरी झाकणीकडे वळायच्या.

त्याच वर्षी सिव्हिल लाइन्समध्ये बऱ्याच सरकारी कचेऱ्यांसाठी मिळून एक मोठं सामायिक एक्सचेंज उभं राहिलं. स्वयंचलित. डायल फिरवला की फोन लागणार, मध्ये माणूस नको. आम्हालाही त्यात घेणार होते. मग संस्थेचा स्वतःचा बोर्ड कशाला, असा प्रश्न निघाला. प्रश्न रास्त होता, हे मी आजही म्हणेन. बोर्ड जुना झाला होता, पावसाळ्यात खरखरायचा, त्याचे भाग मिळत नव्हते. फक्त बंद करण्याआधी त्याचा वापर किती होतो याचा अहवाल वर पाठवायचा होता.

अधीक्षकांनी मला बोलावलं. "आठ दिवस बोर्डाशेजारी बस. जोडलेला प्रत्येक फोन लिही. तारीख, वेळ, कुठून, कुठे. चार रकाने. गप्पा लिहायच्या नाहीत." मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "तुझी फाईल पाहतोय मी. काम नीट कर." त्यात धमकी नव्हती. माझ्यासारख्याला धमकी लागतही नाही.

मी वही घेऊन बाईंच्या शेजारी बसलो. त्यांना माहीत होतं मी कशासाठी बसलोय. त्यांनी स्वतः उठून माझ्यासाठी स्टूल पुसलं. "लिही गा सारं. लोकायले कळू दे किती काम असते ते." त्या दिवशी त्यांनी जरा कडक इस्त्रीचं लुगडं नेसलं होतं.

सकाळच्या दोन तासांत मला घोळ कळला. झाकण्या सारख्या पडत होत्या. "बाई, बागेत चाललो." झाकणी वर. "बाई, गोठ्यातून आलो." झाकणी वर. "बाई, डॉक्टर कुठंयत?" "वसतिगृहात गेले, पोराले ताप आहे. अर्ध्या घंट्यानं करा." झाकणी वर. बाईंचा हात थांबत नव्हता, पण दोरीचं दुसरं टोक क्वचितच लागत होतं. दहा जणांचं काम एका वाक्यात मिटायचं आणि जोडणी एकही व्हायची नाही. माझ्या चार रकान्यांत यातलं काहीच बसत नव्हतं. बाई जितकं चांगलं काम करायच्या, तितकं माझं पान कोरं राहायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर बाई डबा धुवायला नळावर गेल्या. मी पट्टी घेतली आणि वहीच्या पानावर उजवीकडे शिसपेन्सिलीनं एक उभी रेघ मारली. पाचवा रकाना. 'न जोडता मिटलेले' असं वर लिहायचं माझ्या मनात होतं. पेन्सिल टेकवलीसुद्धा. मग अधीक्षकांचा चष्मा डोळ्यांपुढे आला. चार सांगितले असताना पाच कशाला, हा कोण शहाणा, असं ते म्हणतील. अहवाल कसा यायला हवा आहे हे मला न सांगता कळलं होतं. मी खोडरबर घेतलं, रेघ खोडली आणि भुगा फुंकून टाकला. तेवढ्यात बाई आत आल्या, हात पुसत. "उन्ह कडक हाय आज," म्हणाल्या आणि बोर्डाशी बसल्या.

आठव्या दिवशी मी वही मिटली तेव्हा त्यांनी विचारलं, "नीट लिहिलं ना गा?"

"हो बाई," मी म्हणालो.

"मंग झालं."

अहवाल गेला. वापर अत्यल्प, बोर्ड अनावश्यक. खाली तपशील माझ्या अक्षरात. माझं अक्षर तेव्हा सुरेख होतं, सगळे कौतुक करायचे.

बोर्ड बंद झाला त्या दिवशी बाईंनी एकेक झाकणी ओल्या फडक्यानं पुसली. मी दारात उभा होतो. "नेऊन टाकाचाच आहे ना तो," कुणीतरी म्हणालं, "पुसता कशाला?" बाई म्हणाल्या, "कोणाच्या हाती जाईन तं जाईन. मळका कायले द्यायचा?" मग त्यांना आवक-जावक विभागात बसवलं, पत्रांवर शिक्के मारायला आणि पाकिटं चिकटवायला. नोकरी तर गेली नाही ना त्यांची, असं मी स्वतःला बजावत असे. दिवसातून बऱ्याचदा बजावावं लागे.

त्याच महिन्यात मी कायम झालो. संत्रा बर्फीचा डबा घेऊन सगळ्या टेबलांवर फिरलो. आवक-जावकच्या खिडकीपाशी मात्र पाय अडला, आणि बाईंची बर्फी मी शिपायाच्या हातून पाठवली. शिपाई परत येऊन म्हणाला, "बाईनं विचारलं, कायम झाले का जी ते?" त्या 'ते'नं मी परत 'जी' झालो होतो. यापेक्षा त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यानंतर मी मागच्या दारानं ये-जा करायला लागलो. आवक-जावकवरून जावं लागत नसे.

नवं एक्सचेंज उत्तम चाललं. आवाज स्वच्छ, खरखर नाही. फक्त सगळीकडे रिकाम्या खोल्यांत फोन वाजायला लागले. वाजून वाजून बंद व्हायचे, पुन्हा वाजायचे. पहिले काही दिवस लोक सवयीनं खोली सोडताना फोन उचलायचे, आत नुसतं घूं ऐकून ठेवून द्यायचे. मग ती सवय गेली. मातीवाले सर मात्र आवक-जावकच्या खिडकीत डोकावून सांगायचे, "बाई, बागेत चाललो हं." बाई हातातला शिक्का थांबवून म्हणायच्या, "हो सर." त्या माहितीचा आता कुणाला काही उपयोग नव्हता.

बागेत सीताराम नावाचा माळी होता, रामटेकजवळच्या खेड्यातला. म्हातारी आई गावी. एका सकाळी ती गेली, आणि त्याच्या भावानं रामटेकच्या पोस्टातून संस्थेला ट्रंककॉल लावला. जुन्या काळी तो कॉल बाईंकडे आला असता आणि त्यांनी बागेतल्या पंपघरात फोन दिला असता. पंपघरातून हाक मारली की सीताराम येतो. पण पंपघरातला फोन काढून टाकला होता, कारण माझ्या वहीत पंपघराला जोडलेला फोन जवळपास नव्हताच. बाई तिथे नुसते निरोप द्यायच्या, आणि निरोप मी लिहिले नव्हते. सामायिक एक्सचेंजनं कॉल उद्यानविद्या विभागाच्या खोलीत दिला. खोलीत कुणी नव्हतं. सगळे बागेत होते, सीताराम कलमं बांधत होता. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही, आणि कॉल गेला. भावानं पुन्हा लावला, पुन्हा तेच.

सीतारामला कळलं ते दुसऱ्या दिवशी, गावचा एक माणूस बसनं आला तेव्हा. तोवर धाकट्यानं अग्नी देऊन झाला होता. थोरला असून आईच्या तोंडात पाणी घालायलाही तो नव्हता.

तेरवी करून तो परत आला तेव्हा मी योगायोगानं आवक-जावकच्या बोळात होतो. डोकं भादरलेलं, हातात टोपी. तो खिडकीपाशी उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, मी गावाले गेलतो." एवढंच. बाई उठून बाहेर आल्या आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यांनी मला पाहिलं होतं. माझ्याकडे एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली. मी त्या दिवशी अधीक्षकांकडे जाऊन ती वही, ती रेघ, सगळं सांगायला हवं होतं. पंपघरातला एक फोन तरी परत मागायला हवा होता. मी माझ्या टेबलाशी गेलो आणि दुपारपर्यंत एकाच पत्राचा मसुदा लिहीत बसलो. आता तर मी कायम झालो होतो, तरीही.

पुढे काही वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. सभागृहात शाल-नारळ झाला. बोलायला उभं केलं तर म्हणाल्या, "मी आयुष्यभर दुसऱ्यायचं बोलणं जोडून देल्लं. मले सोताले नाही येत बोलता." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागच्या रांगेत होतो. समारंभ संपताच टेबलाशी जाऊन बसलो.

थोड्या वेळानं बाईच तिथे आल्या. नारळ माझ्या टेबलावर ठेवला आणि समोरच्या खुर्चीवर बसल्या.

"एक विचारू का गा?"

"विचारा ना बाई."

"त्या वहीत तू शिसपेन्सिलनं एक रेघ मारली होती. मंग खोडली. काहून खोडली?"

मी टेबलावरचा नारळ उगीच सरळ केला. मग मी म्हणालो, "तुम्ही पाहिलं होतं?"

"डबा धुवून आली तं तू खोडून राहिला होता. मी दारातच थांबली. तुले लाज वाटली असती."

"मग बोलला का नाहीत? इतके दिवस होते. एक शब्द बोलला असतात तर..."

"तुले कायम व्हायचं होतं ना," बाई म्हणाल्या. "मले वाटलं, याची रेघ राहिली तं हा राहत नाही. मी काय, मी तं कायम होतीच."

त्यांनी उत्तराची थोडी वाट पाहिली. मग नारळ उचलला, शाल नीट घडी करून पिशवीत घातली आणि उभ्या राहिल्या.

"चालली मी. घरी चालली. कोणी विचारलं तं सांगजो."

मी संध्याकाळपर्यंत टेबल सोडलं नाही. फोन पाच-सहा वेळा वाजला. बाई कुठे आहेत, असं कुणी विचारलं नाही.

त्यानंतर त्या तीन-चार वर्षंच जगल्या. गेल्या हे मला महिनाभरानं कळलं, तेही शहरातल्या सदर भागात बसच्या रांगेत सीताराम माळी भेटला म्हणून. मला कोण कळवणार होतं? त्यांच्या घरचा पत्तासुद्धा मी कधी विचारला नव्हता. सीताराम म्हणाला, "तुम्हाले माहीत नव्हतं जी?" आणि मी नाही म्हणालो.

त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी मी दिलं नाही. ते माझ्यापाशीच राहिलं आहे, आणि आता कुठे धाडावं ते सांगायला बोर्डावर कुणी नाही. भ्यालो होतो, बाई. म्हणून खोडली.